जमिनीचं मुसळ

झरी, माघ महिना

प्रिय दीपेश,

हे पत्र चैत्याने तुझ्या हातात दिलं असेल. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, म्हणून त्याला कणसरी देवीची शपथ घातलीय की तू शेवटची ओळ वाचेपर्यंत त्याने ब्र काढायचा नाही. तो समोर बसून चुळबुळ करत असेल तर करू दे. त्याच्या तोंडाकडे बघून काही ओळखायला जाऊ नको, आणि पानं उलटून शेवट तर मुळीच बघू नको. तू सावकाश वाचतोस ते या वेळी बरंच आहे. धनेश बरा आहे, भाकरी मागून खातो आणि बापासारखाच हट्टी झालाय. मी बरी आहे. तुझ्या आईबद्दल एका ओळीत लिहून होणार नाही, पुढे नीट लिहिते. बंदरावर आल्यावर तू फोन लावला असशील आणि तो लागत नाही म्हणून मला शिव्या घातल्या असशील. तो का लागत नाही तेही पुढे येईल.

तू गणपती बुडवून बोटीवर गेलास. दिवाळीपर्यंत सगळं निवांत होतं. मग वाघबारशीच्या सकाळी मी चुलीपुढे बसले होते आणि जमिनीखालून आवाज आला, लांब कुठे खाणीत सुरुंग लावल्यासारखा. मांडणीवरची ताटं खणखणली, कोंबड्या फडफडल्या आणि संपलं. धनेश व्हायच्या आधी हे रोजचं होतं, आठवतं ना? सगळा पाडा ताडपत्रीखाली निजायचा. तेव्हा आपलं घर कुडाचं होतं. कारवीच्या भिंती डुलायच्या, लिंपण झडायचं, आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा शेणमाती थापायचो. मग तू मोसमामागून मोसम ओख्याला मासेमारीच्या बोटीवर काढलेस आणि विटांचं घर उभं केलंस. पाड्यातलं पहिलं. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण त्या दिवशी तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण अरे, तू घरी असतोस ते पावसाळ्यापुरता. तेव्हा भिंतीला भेग दिसली की तू सिमेंट कालवतोस, थापी फिरवतोस आणि म्हणतोस, झालं. बाकी सगळं वर्ष त्या भेगांबरोबर मी राहते. यंदा आतल्या खोलीतली, आईच्या खाटेमागची भेग एवढी उघडली की माझी करंगळी आत जायला लागली.

मी आईला म्हटलं, आपण अंगणात मांडव घालून निजू, नाहीतर निदान धनेशला तरी माझ्याजवळ बाहेर दे. तर ती माझ्यावरच उखडली. पोरानं दर्यात मरमर मरून बांधलेलं घर, आणि मी अंगणात निजली तर लोक मला काय बोलतील, या काळीच्या पोराला घर नाय बांधता येत? जमीन-बिमीन काय हलली नाय, तुझंच डोकं हलतंय. धनेश तिच्या कुशीशिवाय झोपत नाही, उचलून बाहेर आणला की रडून पाडा गोळा करतो. म्हणजे रोज माझं पोर आणि तुझी आई त्या भेगेखाली निजायची आणि मी उंबऱ्यात बसून भिंतीकडे बघायची. काकड्या काकाला सांगितलं तर तो म्हणाला, जमीन म्हातारी झालीय, कूस बदलते कधीमधी. शेजारचा हाल्या म्हणाला, वहिनी, नवरा बोटीवर गेला की बायकांना सगळंच हलल्यासारखं वाटतं. त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, चैत्याला विचार, तो तिथेच होता. पण खरं सांगू? माझं मलाच कळेनासं झालं होतं. दोनदा मी पोराला काखेत मारून बाहेर धावले आणि बघते तर झाडाचं पानही हलत नव्हतं. भीती अंगात शिरली की पायाखाली काय चाललंय ते खरंच कळत नाही रे. मला एक साक्षीदार हवा होता, आणि पाड्यात तर कोणी व्हायला तयार नव्हतं.

मग मला ती डबी आठवली. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या हर्षदा मॅडमनी पुढच्या खोलीत जमिनीला पक्की बसवलेली लोखंडी डबी आणि तिला वायरीने जोडलेला कॉम्प्युटर. मॅडम डहाणूहून जागा शोधत आल्या होत्या तेव्हा तूच छाती फुगवून म्हणाला होतास, आमच्याकडे ठेवा, सगळ्या पाड्यात सिमेंटची जमीन आमचीच. डबी जमिनीचे धक्के टिपते आणि कॉम्प्युटर ते साठवतो, एवढंच आपल्याला माहीत. बाकी आई त्याच्यावर फडकं टाकून वालाच्या पुरचुंड्या ठेवायची. तो कॉम्प्युटर कोजागिरीच्या सुमाराला वीज पडली तेव्हा जळला. मॅडमनी दुसरा पाठवला, तोही जुनाच, आणि त्यात विंडोज नाही, लिनक्स. धक्के दाखवणारा प्रोग्राम त्यात घातलेलाच नव्हता. मॅडमना आठवा महिना, डॉक्टरने पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि त्यांच्याकडचं दुसरं कोणी इतक्या आत यायला राजी नाही. त्या फोनवर म्हणाल्या, जिजा, तूच घाल तो प्रोग्राम, बारावी झालीयस, मी बोलून पाठवते तसं टाइप कर. मी म्हटलं, मॅडम, मी जन्मात माउस धरलेला नाही. त्या म्हणाल्या, लिनक्सला माउस कमीच लागतो. आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच बजावली, की धक्का कधी येणार हे ही डबी सांगणार नाही, जगात कोणीच सांगू शकत नाही. आलेला तेवढा दाखवेल. मी म्हटलं, तेवढा दाखवला तरी पुरे.

आता हसू नको. पडद्यावर एक काळी खिडकी उघडते, तिला टर्मिनल म्हणतात. तिच्यात इंग्रजीत हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं. मॅडमचा पहिला आवाज आला, सुडो स्पेस ॲप्ट स्पेस अपडेट. मी शहाणीने ‘स्पेस’ हा शब्दही अक्षरं लावून लिहिला. कॉम्प्युटर म्हणाला, असला हुकूम मला ठाऊक नाही. मॅडमना कळवलं तर त्यांचं हसू थांबेना, म्हणाल्या, अगं, स्पेस म्हणजे मोकळी जागा सोडायची. बरं, सोडली. मग त्याने पासवर्ड मागितला. सुडो म्हणजे मी या घरची मालकीण म्हणून सांगतेय असं म्हणणं, मग तो खूण मागणारच. मॅडमनी दिलेला पासवर्ड मी दाबायला लागले तर पडद्यावर काही म्हणजे काही उमटेना. अक्षर नाही, टिंब नाही. मला वाटलं कीबोर्ड मेला. बोटं जोरात मारली, पुसलं, पुन्हा मारलं, तर उत्तर आलं की चूक आहे, पुन्हा करा. पुन्हा केलं, पुन्हा चूक, आणि शेवटी त्याने मला हाकलूनच दिलं.

आणि नेमकं तेव्हाच खालून गुरगुरलं. दुपारची वेळ होती, आई आणि धनेश आत निजले होते. मी वळून बघितलं तर भेगेतून चिमूटभर सिमेंट झडून आईच्या केसांवर पडलं, तिने झोपेतच माशी हाकलावी तसं झटकलं आणि कूस वळली. ओरडावं तर उठून मलाच वेडी ठरवणार. मी परत त्या काळ्या खिडकीपुढे बसले, डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती मेली खिडकी नुसती बघत होती. मॅडमचा आवाज तेव्हा आला. पासवर्ड कधीच दिसत नाही, जिजा, कोणी बघू नये म्हणून. दिसत नसला तरी तो ऐकत असतो. पडद्याकडे बघू नको, हळूहळू दाब आणि एंटर मार. मी डोळे मिटले, एकेक अक्षर तोंडाने म्हणत दाबलं आणि एंटर मारलं. डोळे उघडले तर ओळींमागून ओळी धावत होत्या. मला काही समजत नव्हतं, पण त्याने माझं ऐकलं होतं, आणि त्या घरात त्या दिवशी माझं ऐकणारा तो एकटाच होता.

पण एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! एक प्रोग्राम घालायचा म्हटलं की त्याच्याबरोबर दुसरे वीस येतात, नवरदेव कधी एकटा येतो का? त्या सगळ्या वऱ्हाडाला खाली उतरवायला भरपूर नेट हवं, आणि आपल्या घरात ते मॅडमचा आवाज येण्यापुरतंच, तेही मधूनमधून. मी फोनचं नेट कॉम्प्युटरला जोडलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांबूच्या टोकाला बांधला आणि बांबू मागच्या भिंतीला टेकवून उभा केला. वर जरा हवा लागली की नेट यायचं. कॉम्प्युटरने विचारलं, पुढे जाऊ? वाय की एन? मी कितीतरी वेळ बोट अधांतरी धरून बसले, उगीच एक अक्षर दाबून काही जळलं तर? दाबलं वाय. अर्धं वऱ्हाड उतरलं आणि लाइट गेली. तू म्हणशील नेहमीचंच. पण मी देव पाण्यात ठेवायचे बाकी ठेवले होते. लाइट आली ती दुसऱ्या दिवशी, आणि कॉम्प्युटर काही केल्या पुढे जाईना. म्हणाला, मागचं काम मधेच तुटलंय. मला वाटलं, घालवलं सगळं, मॅडमना काय तोंड दाखवू. मग नीट वाचलं तर त्यानेच खाली लिहिलं होतं की आता कुठला हुकूम दे म्हणजे मी सावरून घेतो. चूक दाखवायची आणि उपायही सांगायचा. अशी बोलणी मी लग्न झाल्यापासून खाल्ली नव्हती. तो हुकूम दिला, त्याने तुटलेलं जोडलं, उरलेलं वऱ्हाड उतरलं, आणि संध्याकाळी पडद्यावर एक आडवी रेघ उभी राहिली. ती सारखी बारीक थरथरत होती. ती आपली जमीन होती.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे चैत्या मीठमिरची लावून सांगायच्या आधी माझ्याकडून कळेल. चार दिवसांनी मी मागच्या रेघा बघायला शिकले. बघते तर रोज रात्री दीड वाजता जमीन हलतेय! एकामागून एक ठोके, कितीतरी वेळ, आणि मग शांत. आपण सगळे गाढ झोपेत असतो तेव्हा. मी घरोघर सांगत सुटले, काकड्या काकाला ओढून आणून पडदा दाखवला. डोळ्यांनी बघितल्यावर त्यानेही ताडपत्री काढली. ऐन पौषाच्या थंडीत सगळा पाडा ताडपत्र्या घेऊन बाहेर. आई तेवढी आत, आणि तिच्या कुशीत धनेश. हाल्याने परातीत पाणी भरून जमिनीवर ठेवलं आणि राखण करत बसला. दीड वाजला, दोन वाजले, पाणी जागचं हललं नाही. दुसऱ्या रात्रीही तेच. रेघ मात्र म्हणत होती की हललं. तिसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, अगं, तो प्रोग्राम आपली वेळ दाखवत नाही, तिकडे लंडनजवळची दाखवतो. साडेपाच तास पुढे मोज. मी बोटांवर मोजलं. सकाळचे सात. आणि सकाळी सात वाजता आपल्या घरात काय होतं हे तुला मी सांगायला नको.

तूच नव्या घरात ती सोय केली होतीस ना? गिरणीचा तांदूळ आईच्या घशाखाली उतरत नाही, कणसरीला मुसळाखालचाच लागतो, आणि उखळ आत नसेल तर मी त्या घरात पाय नाय ठेवणार म्हणून ती अडून बसली होती. तू सिमेंटच्या जमिनीतच, तिच्या खाटेच्या पायथ्याशी उखळ बसवून दिलंस. त्याच एका अखंड जमिनीवर पुढच्या खोलीत ती डबी. मी सगळ्या पाड्याला थंडीत कुडकुडत ठेवलं ते तुझ्या आईच्या मुसळापायी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हाल्याला तर जत्राच मिळाली. वाटेत दिसलं की विचारायचा, वहिनी, आज सासूचा भूकंप किती वाजता? नळावर गेले की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आता खरंच काही झालं आणि मी ओरडले तर एक माणूस जागचा उठणार नाही, हे मला कळून चुकलं. आधी नुसतं कोणी मानत नव्हतं, आता मी चेष्टेचा विषय झाले होते. खरे धक्के मधूनमधून येतच होते आणि भेगेत आता माझं मधलं बोटही जायला लागलं होतं.

वळण लावलं ते आईनेच. सगळा पाडा तिच्या नावाने हसतोय म्हटल्यावर ती एका सकाळी तणतणत पुढे आली, दाखव म्हणाली, माझं मुसळ कुठे दिसतं ते. मी तिला म्हटलं, तू जा आणि कांड, मी बघते. ती आत जाऊन कांडायला लागली आणि पडद्यावर एकसारखे टाके पडू लागले, गोधडीला घालावेत तसे. मग मी धनेशला उखळाशी बसवून त्याला हलकं मुसळ दिलं आणि आईला पडद्यापुढे आणलं. टाके वेडेवाकडे झाले. आईचा चेहरा बघायला हवा होतास. म्हातारी आ वासून बघत राहिली, मग स्वतः आत जायची, दहा-बारा घाव घालायची आणि धावत बाहेर येऊन बघायची, आले का माझे? दुसऱ्या दिवसापासून ते रोजचंच झालं. एक घाणा कांडला की मुसळ टेकवून ठेवायची आणि आपली रेघ बघायला पुढे यायची. तिने आयुष्यभर तांदूळ कांडला, तो लगेच शिजून पोटात गेला, उरलं काहीच नाही. आता कुठेतरी तिचं काम उमटत होतं. मला तिची चेष्टा करावीशी वाटली नाही.

मग एक दिवस सकाळी ती अशीच माझ्या शेजारी उभी होती. मुसळ आत टेकवलेलं, धनेश तिच्या पदराशी, कांडायला कोणी नाही. आणि रेघ उसळली. टाके नाहीत, एकदम जाड आणि मग निमुळती होत गेलेली, देठासकट मिरची असावी तशी. पायाला काही म्हणजे काही लागलं नाही, मलाही नाही. आई रेघेकडे बघत होती. तिने आत जाऊन उखळात वाकून बघितलं, परत आली आणि विचारलं, मी तर इथे आहे, मग हे कोण कांडतंय? मी मागच्या दिवसांच्या रेघा काढून दाखवल्या. तिचे टाके, मधेच मिरची. टाके, मिरची, मिरची. तिने त्या बोटाने मोजल्या, तिला येतं तेवढं मोजून झालं तरी त्या संपेनात. त्या दुपारी ती आत निजली नाही. संध्याकाळी तिनेच खाट उचलली, एक बाजू मला धरायला लावली आणि अंगणात आणून ठेवली. लोक काय म्हणतील, असं मी मुद्दाम विचारलं. तर म्हणाली, लोकांचं मुसळ नाय ते, जमिनीचं आहे. हाल्या बांधावरून बघत होता, पण तिच्यापुढे त्याची बोलायची छाती झाली नाही. त्या रात्री धनेश तिच्या कुशीत उघड्यावर झोपला आणि मीही कितीतरी महिन्यांनी झोपले.

पण उखळ आतच होतं. ते काही उचलून आणता येत नव्हतं. सकाळचं कांडण तिने सोडलं नाही, मी दहा वेळा सांगून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. कणसरीला उपाशी ठेवू का, म्हणायची. म्हणजे रोज सकाळी घटकाभर ती त्या भिंतीखाली असायची आणि धनेश उखळाशी सांडलेले दाणे वेचत बसायचा. तेवढा वेळ मी चूल सोडून पडद्यापुढे बसायचे. टाके पडताहेत तोवर ती हालतेय, एवढाच मला आधार. मॅडम म्हणाल्या होत्या की येणारा धक्का दिसत नाही. ते मला माहीत होतं, तरी बसायचे. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काय होतं?

आता मुद्द्याचं. परवा सकाळी आईचा पहिला घाणा झाला. टाके थांबले, ती हात पुसत पुढे आली, मागून धनेश. आम्ही तिघं पडद्यापुढे होतो. तिचे टाके दिसले, आणि त्यांच्या शेवटी, तिने मुसळ टेकवल्यानंतर, एक मिरची. मोठी नव्हती. पायाला जरासं जाणवलं, ताटं वाजली. पूर्वी असं झालं असतं तर ती परत आत गेली असती, दुसरा घाणा उखळात ओतून ठेवला होता. त्या दिवशी तिने रेघेकडे एकदा बघितलं, धनेशचं बखोट धरलं, दुसऱ्या हाताने मला ओढलं आणि आम्ही अंगणात आलो. खाटेवर बसून तिने तंबाखू मळायला घेतली. ती तोंडात टाकायच्या आत जमिनीने असा हिसका दिला की खाट आमच्यासकट सरकली. आणि आतली भिंत, तुझ्या भेगेची, उभीच्या उभी उखळावर बसली. मग वासे, मग पत्रे. मागची भिंत बाहेर कोसळली, तिला टेकवलेला बांबू आणि माझा फोन तिच्याखाली. धूळ खाली बसेपर्यंत मी धनेशला छातीशी घट्ट धरून उभी होते आणि मोजत होते, एक मी, एक धनेश, एक आई, पुन्हा पहिल्यापासून. पाड्यातली बाकीची घरं कुडाची, डुलली आणि उभी राहिली. कोणालाही खरचटलेलं नाही. हाल्या सगळ्यांत आधी धावत आला. त्याने स्वतः विटा उपसल्या, आईचं मुसळ शोधून काढलं, धोतराने पुसून तिच्या हातात दिलं. दीपेश, हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिलं. उद्या चैत्या ओख्याला निघतोय, त्याने तुला भेटल्याबरोबर “तुझं घर पडलं” म्हटलं असतं आणि तू तिथे दर्यावर आमच्यातलं कोण खाली गेलं याचा विचार करत मेला असतास. आता ऐक. तुझं घर गेलं. मला माहीत आहे तू त्याच्यासाठी काय काय सोसलंस, आणि त्यासाठी मी परवा धनेशला दिसू नये म्हणून विहिरीकडे जाऊन रडलेय. पण त्या घरात कोणी नव्हतं. आता मोसम अर्धा टाकून धावत येऊ नको, पावसाळ्यात ये, आणि येताना विटांचा विचार डोक्यातून काढून ये. काकड्या काकाने कारवी आणून टाकलीय, मेढीचे खांब उद्या रोवतोय. कॉम्प्युटर चेपला, हाल्याच्या फोनवरून मॅडमशी बोलले, त्या दुसरा पाठवणार आहेत. त्या विचारत होत्या की तो लावायला कोणाला पाठवू का, मी म्हटलं नको, मला येतं. आई शेजारी बसलीय, माझी लिहिणारी बोटं बघतेय. म्हणाली, माझंपण दोन शब्द टाक. तिने सांगितलं तसंच लिहिते: पोरा, घर पडलं. आय नाय पडली.

तुझीच,
जिजा